अर्ध्या तोंडाचा ट्रॉम्बोनवाला

तीर्थस्वरूप ताई,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, खरोखर घातला तर उठवायला दोन माणसं लागतील). तुझे गुडघे काय म्हणतात? माझं छान चाललंय. म्हणजे उजवी बाजू छान आहे. डावा गाल, ओठ आणि पापणी यांनी न सांगता राजीनामा दिला, त्याची ही हकीकत.

हॉटेलात आमचं जॅझ रंगात आलं होतं. माझी एकट्याने वाजवायची पाळी आली, उभा राहिलो, फुंकर घातली, तर ट्रॉम्बोनमधून नुसता वारा, सायकल पंक्चर झाल्यासारखा. वाटलं, सरकती नळी अडकली. जोरात झटकली, तर ती निसटून समोरच्या टेबलावर सुपात पडली (पाखडायच्या नव्हे, प्यायच्या). लोकांनी टाळ्या वाजवल्या. उभ्या जन्मात जेवणाऱ्यांनी घास खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं ते तेव्हाच. मीही झुकून नमस्कार केला, आणि झुकलो तो सरळ झालोच नाही.

डॉक्टर म्हणाले, "पक्षाघाताचा झटका आहे. पुन्हा फुंकलंत तर जिवावर बेतेल."

"हळू फुंकलं तर?"

त्यांनी सोबत आलेल्या आमच्या बँडमधल्या पियानोवाल्याकडे पाहून मान हलवली (असल्या वेळी ते नातेवाइकाकडे बघतात, माझ्याकडे तोच होता. तुला मुद्दाम कळवलं नाही, धावत आली असतीस).

बँडमास्तरांनी मला घेतलं ते केवळ नळी सरकवायला हात लांब म्हणून. बाबा म्हणाले होते, "गळा नाही, अक्कल नाही, निदान हात तरी कामी आले!" आता माझ्या जागी पियानोवाल्याच्या नव्या इलेक्ट्रॉनिक पियानोवर डाव्या हाताशी एक बटण आहे. दाबलं की ट्रॉम्बोन वाजतो. हे सांगताना तो रडला. मी विचारलं, "सुरात वाजतं का रे?" म्हणाला, "अगदी सुरात. म्हणूनच ऐकवत नाही."

बाकी चहा अर्धा पोटात, अर्धा शर्टावर. वाद्याला हातही लावत नाही. काळजी नसावी.

तुझा अर्धवट (आता खराखुरा) धाकटा भाऊ

ता. क. : हात लावत नाही हे खोटं. रोज दार लावून फुंकतो. काल डोळ्यांपुढे अंधारी आली, जाग आली तेव्हा फरशीवर होतो. पियानोवाला वाद्य न्यायला दोनदा आला, दोन्ही वेळा मी त्याला दारातूनच हाकललं. तुला नाही म्हणायची माझी छाती नाही. तू ये आणि घेऊन जा. लवकर ये.

आणखी एक : काल पडायच्या आधी एक सूर लागला, ताई. खर्जातला, एकच, पण पुरा. तेव्हा या आठवड्यात नको येऊस. पुढच्या महिन्यात बघू.