कब्रस्तानच्या वाटेचा अर्ज

१२ जानेवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली. माणसं ओळखण्यात माझा हात धरणारा या भागात कुणी नाही. आता रिटायर झालोय, समाजाकडे लक्ष द्यायचं.
विषय असा. ग्रामपंचायतीनं आमच्या कब्रस्तानच्या वाटेवर व्यायामशाळेचा पाया खणलाय. गावात आमची चौदा घरं. मयत न्यायची तर आता हायवेवरून वळसा. सगळे तापलेत. मी सांगितलं, सरपंच गोरख माझा वर्गमित्र आहे. चार दिवसांत वाट मोकळी.

१३ जानेवारी
लेकीकडून, मदिहाकडून, अर्ज टाइप करून घेतला. ती एम.ए. इतिहास करते. प्रोजेक्ट : १९३७ ते ३९, प्रांतात काँग्रेसचं सरकार असताना मुसलमानांच्या तक्रारी. तिनं काही वाचून दाखवल्या. मशिदीसमोर वाजंत्री, शाळेतली गाणी, कमिट्यांवर आपला माणूस नाही.
मी म्हणालो, यादी कसली करायची? जाऊन बसायचं, चहा घ्यायचा, विषय काढायचा.
ती म्हणाली, "तेही बसलेच असतील की अब्बा."
पोरगी हुशार, पण व्यवहार कळत नाही.

१५ जानेवारी, सकाळी ११
तिळगूळ घेऊन पंचायतीत. गोरखनं दुसऱ्याला उठवून मला खुर्ची दिली. नोंद घेण्यासारखी गोष्ट. मी अर्ज काढणार, एवढ्यात म्हणाला, "दिलावर, तुला शांतता समितीवर घेतलाय. तुमच्यातला एक समजूतदार माणूस पायजेच व्हता."
आता अशा वेळी तक्रारीचा कागद काढणं बरं दिसतं का? अर्ज खिशातच ठेवला. पण समितीवर आपला माणूस आला. १९३७ वाल्यांना जे जमलं नाही ते एका चहात.

१९ जानेवारी
अर्जातला 'अन्याय' काढून 'गैरसोय' घातलं. संध्याकाळी 'गैरसोय' काढून 'थोडी अडचण'.
मदिहानं विचारलं, "अभिनंदन घालू का?"
टोमणा होता. पण सूचना चांगली. पहिली ओळ व्यायामशाळेच्या अभिनंदनाची घातली.

२३ जानेवारी
भिंती कमरेएवढ्या झाल्या. वसीम आला. सारोळ्याच्या पुलाजवळ त्याचं पंक्चरचं दुकान आहे. डोकं गरम. म्हणाला, "चाचा, समद्यांच्या सह्या घेऊन तहसीलदाराकडं जाऊ."
मी समजावलं. उद्या गावात राहायचंय, तुझ्याकडे गाड्या कुणाच्या येतात?
"तुमी भ्यालाय का?"
मी कशाला भिऊ? मुद्दा एवढाच की आपण भांडखोर आहोत असं कुणाला वाटू नये. आणि तसं वाटू नये म्हणून काही बोलूच नये. हे वाक्य लिहिल्यावर जरा विचित्र दिसतंय. असू दे.
उद्या अर्ज नक्की देणार.

२४ जानेवारी
गोरख पुण्याला गेलेला. आपला नाइलाज.

२६ जानेवारी
झेंडावंदन. समितीचा म्हणून पहिल्या रांगेत. गोरख भाषणात म्हणाला, "आमचा दिलावर बघा. असले मुसलमान समदीकडं पायजेत." टाळ्या पडल्या. मीपण वाजवल्या, सवयीनं.
नंतर त्यानं एक कागद पुढं केला. व्यायामशाळेला मुस्लिम समाजाची हरकत नाही. "फॉर्मॅलिटी हाय रं. वाटेचं बघू की आपण." आजूबाजूला आठ-दहा माणसं, हातात जिलेबी. नाही म्हणायला तोंड उघडलं, तर त्यात कुणीतरी जिलेबी घातली. सही केली. इंग्रजीत केली, ती बरी दिसते.
वाटेचं तोंडी आश्वासन मिळालं, हे महत्त्वाचं.
घरी बायकोनं, इमामबीनं, विचारलं, "असले म्हंजे कसले?" एवढं विचारून ती उठून गेली.

२ फेब्रुवारी
इमामबीचे चुलते सुलेमानचाचा सकाळी गेले. माझ्या लग्नात त्यांनीच मला घोड्यावर बसवलं होतं.
गोरखला फोन केला. आजच्या दिवस मधून जाऊ दे म्हटलं. म्हणाला, "आत सळया उभ्या केल्यात, समदं खोदलंय. न्हायतर जाऊ दिलं असतं. आन् हरकत न्हाई म्हणून तूच लिवून दिलंस ना?"
मग हायवेनं निघालो. डोक्यावर ऊन, शेजारून कंटेनर. वाऱ्यानं जनाज्यावरची चादर दोनदा उडाली. दुसऱ्यांदा ती मी धावत जाऊन गटारातून आणली. गोरख आला होता. रस्त्यात उभा राहून त्यानं गाड्या थांबवल्या, हॉर्न मारणाऱ्या ट्रकवाल्याला शिव्या दिल्या. मी खांदा द्यायला गेलो तर वसीम म्हणाला, "ऱ्हाऊ द्या."
घरी आल्यावर मी म्हणालो, काही म्हण, गोरख मनानं चांगला आहे.
इमामबी चादर धूत होती. तिनं बादलीतलं पाणी बदललं.

५ फेब्रुवारी, सकाळी १०
वसीम तहसीलच्या अर्जावर घरोघरी सह्या घेत फिरतोय. समितीवरचा माणूस म्हणून माझी सही वर लागेल. पेन काढून ठेवलं.

त्याच दिवशी, ११
आला. दारातूनच बोलला. इमामबीनं सही केली, मदिहानं केली.
मग त्यानं विचारलं, "चाचा हायत का घरात?"
मी आत खाटेवर बसलो होतो. दार उघडंच होतं.
इमामबी म्हणाली, "न्हाईत."