वलगावची मुलगी, सोनगव्हाणची वारस

मी, साधना दुर्गाबाई सोनगव्हाणकर, वय पासष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार जठारपेठ, अकोला, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांविषयी त्यांनी काही लिहिलेले नाही, ते बरेच केले.

१. माझा जन्म वलगावचा. वडील शालिकराम भुयार आणि आई माणिकबाई झेंडू आणि भाजी पिकवत. अमरावतीच्या कॅम्पातल्या एका बंगल्यावर आमचे हार जात. तिथे सोनगव्हाण संस्थानच्या राणीसाहेब, दुर्गाबाई, राहत. विधवा, मूलबाळ नाही. संस्थाने केव्हाच संपली होती, पण सोनगव्हाणची माणसे अजून बंगल्याच्या पायरीवर चपला काढत.

एकदा मी वडिलांबरोबर हार घेऊन गेले, तर राणीसाहेबांचा कुत्रा अंगावर आला. मी ओरडले, "बांधा त्याले, नाही तं गोटा मारीन!" राणीसाहेब हसल्या. महिनाभराने त्यांचे कारभारी मला दत्तक मागायला आमच्या दारात आले. मी तेव्हा तेरा वर्षांची होते.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. वडील मला म्हणाले, "तुले राजकुमारी करून राहिले, अन् तू रडतं काहून? शिकशील, मोठी होशील." मी शिकले. त्यांचे तेवढे खरे झाले.

२. जठारपेठेतले घर मी माझ्या पगारातून घेतले. त्यावर संस्थानाचा हक्क नाही. हे घर, बँकेतली शिल्लक आणि पुस्तकांचे कपाट माझा धाकटा भाऊ देवानंद याची मुलगी पिंकी हिला द्यावे. मी दत्तक गेले, त्यामुळे कायद्याने ती माझी भाची नाही. म्हणून हे लिहून ठेवणे भाग आहे.

३. राणीसाहेबांची तलवार त्यांच्या पुतण्याला द्यावी. कोर्टात भांडून त्याने बंगला मिळवला, तलवार तेवढी माझ्याकडे राहिली. ती गंजली आहे. मी तेल लावलेले नाही आणि लावणारही नाही.

४. मला शुद्ध बोलायला शिकवण्यासाठी बंगल्यावर एक बाई ठेवल्या होत्या. "मले" म्हटले की त्या हातावर पट्टी मारत. त्या आता हयात नाहीत. त्यांना मी काही ठेवत नाही, माफीसुद्धा नाही.

५. माझा जरीचा शालू कोणालाही देऊ नये, जाळून टाकावा. पहिल्या दसऱ्याला तो नेसवून मला राणीसाहेबांच्या शेजारी बसवले होते. सोनगव्हाणची माणसे रांगेने येऊन मुजरा करत होती. त्या रांगेत माझी आई होती. नवे लुगडे नेसली होती, हातात आपट्याची पाने. माझ्यासमोर ती वाकली आणि म्हणाली, "राजकुमारी, सोनं घ्या."

माझ्या तोंडून "आई" निघाले.

राणीसाहेब हळूच म्हणाल्या, "तुझी आई इकडे बसली आहे."

मी काही बोलायच्या आत आईनेच हात जोडले. "लहान हाय जी, चुकली. रागावू नका तिले." माझ्या हातात पाने ठेवून ती मागच्या मागे निघून गेली. पुन्हा कधी बंगल्यावर आली नाही. मी वीस वर्षांची असताना ती गेली. राणीसाहेबांनी मला चार दिवसांनी सांगितले, आणि दत्तक गेलेल्या मुलीला सुतक नसते, हेही सांगितले.

मी वलगावला गेले. देवानंद दारातच उभा होता. मी म्हटले, "मला आत येऊ दे." तो म्हणाला, "मला? वा! या राणीसाहेब, खुर्ची आणतो." त्याने खरोखरच खुर्ची आणली. बाकी सगळे जमिनीवर बसले होते.

६. राणीसाहेबांचा फोटो भिंतीवरून काढू नये. बंगला गेल्यावर त्या याच घरात माझ्याजवळ राहिल्या. शेवटी शेवटी माझ्याच हाताने जेवत. एका दुपारी त्यांनी विचारले, "साधना, तू मला कधी मनापासून आई म्हणालीस का?" मी म्हटले, "भात निवतोय, खाऊन घ्या." त्यांनी तोंड उघडले, घास घेतला. पुन्हा विचारले नाही. मी खोटे का होईना, हो म्हणायला हवे होते.

७. माझ्या अंत्ययात्रेत संस्थानचे निशाण नको. अग्नी पिंकीने द्यावा, तिची तयारी असेल तर.

८. हा मसुदा झाल्यावर, पोरीच्या नावे घर करते आहे हे बापाला कळावे, म्हणून मी देवानंदला फोन केला. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "मेल्यावर घर देऊन राहिली. जिती हायेस तं येत काहून नाहीस?"

मी म्हटले, "तू कधी बोलावलंस?"

"तू तरी कधी विचारलं?" त्याचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. मला त्याचा आवाज शाळकरी पोराचाच आठवत होता. "पिंकीची आई पाटवड्या करून राहिली रविवारी. खातेस का अजून, का सोडल्या?"

खाते, असे मी म्हटले. नसीमबानो, माझ्या शेजारीण, सोबत येणार आहेत. एकटीने त्या दारात जायचा मला धीर नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचून पाहिला आहे. रविवारनंतर त्यात काही बदलावे लागले, तर बदलीन.

स्थळ : जठारपेठ, अकोला
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

सही : साधना

साक्षीदार :
१. नसीमबानो अब्दुल रहीम, शेजारीण
२. ॲड. योगेश मेहरे, अकोला