थोरल्याचं पुढं काय झालं, बाबा?

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. आज लिहायला बसले, कारण आपला धाकटा शमू परत आलाय. सकाळपासून ओट्यावर बसलाय आणि मी आत. तो उठत नाही, मला दाराबाहेर पाऊल टाकवत नाही. दुष्काळी कामावर खडी फोडायलाही गेले नाही.

तुमचा लाडका! तुम्ही अंथरुणाला खिळलात तसा घर सोडून गेला, तो मातीलाही आला नाही. तुमचं करता करता माझं ठरलेलं लग्न मोडलं. आणि जाताना तुम्ही नाव घेतलंत ते त्याचंच. एकदा माझं घेतलं असतं तर काय बिघडलं असतं, बाबा?

चर्चच्या मंडळीतल्या बायका येऊन सांगून गेल्या, "कीर्तनकाराची लेक तू. तू माफ न्हाई करनार, तर कोन करनार?" बघा, कुठं अडकवून ठेवलंत मला! दुसऱ्या कुणाची लेक असते तर खुशाल कडी घातली असती.

नेवाशाकडच्या गावांत तुम्ही उधळ्या पुत्राचं आख्यान लावायचात, मी मागं झांज वाजवायची. येशूच्या गोष्टीत वाट्याचा पैसा उधळून धाकटा मुलगा परत आल्यावर बाप धावत बाहेर येतो, पोसलेलं वासरू कापतो. गावकऱ्यांना ते रुचणार नाही म्हणून तुम्ही त्या बापाला पुरणपोळ्या करायला लावल्यात! पवित्र शास्त्र स्वतः वाचायला लागेपर्यंत मला तेच खरं वाटायचं. हसताय ना?

पण पंगत बसली की तुमचं कीर्तन संपायचं. शेतातून दमून आलेला थोरला भाऊ रागानं बाहेरच उभा राहतो आणि बाप त्याचीही समजूत काढायला बाहेर येतो, हे कधीच सांगितलं नाहीत. का? तो थोरला मला पुस्तकात एकटीलाच सापडला, शेवटी आत गेला की नाही ते तिथंही लिहिलेलं नाही, आणि मी खूप रडले.

दुपारी पाण्याचा तांब्या द्यायला दार किलकिलं केलं. केस पिकलेत त्याचे.

"आक्का, बाबा असते तर बाहीर आले असते," म्हणाला.

"थोरल्यासाठी पन बापच बाहीर आला हुता!" मी ओरडले आणि दार लोटलं. खरंच सांगा, आता माझी समजूत काढायला कोण येणार?

या दुष्काळात पुरण कुठलं! कामावर मिळालेलं सुकडीचं पीठ आहे, तेच कालवते. 'आत ये' म्हणेन असा शब्द देत नाही, बाबा. तेवढं मागू नका. पण कडी घालणार नाही. त्याची ताटली ओट्यावर ठेवीन आणि माझी घेऊन उंबऱ्यावर बसेन. एवढं नक्की करीन.

तुमचीच थोरली,
शांता