निमगोरी कुणाला म्हणायचं

वयनी,

म्हशीला वैरण टाकलीया. दूध तापवायचं राहिलंय. मी मिरजंला मावशीकडं निघाले, हुडकू नका.

साताऱ्याच्या स्थळाला तुमी मला निमगोरी लिवलंत, तवाच मी म्हणलं हुतं, "निमगोरी म्हंजी ना गोरी ना काळी, मधली. मी चांगली काळी हाय." तुमी हसून म्हणालात, "असंच लिवायचं असतंय गं, न्हाईतर बघाय कोण येतंय?" मला ती मायाच वाटली.

काल मुलाच्या आत्यानं माझ्या तोंडाकडं बघून सगळ्यांदेखत विचारलं, "ही निमगोरी?" तवा तुमी माझ्या बाजूनं एक शबुद बोलला न्हाई. उलट आपल्या बहिणीला, शेवंताला, पाणी घेऊन पुढं धाडलंत. नवं लुगडं नेसवून तिला आधीच आणून ठिवली हुती. त्यांनी तिलाच पसंत केली आन् तुमी साखर वाटलीत.

काळी म्हणून त्यांनी नाकारलं, त्याचा राग न्हाई. शेवंता उजळ दिसावी म्हणून तुमी मला तिच्या म्होरं बसवलंत, त्याचा हाय.

दादा पलटणीतनं रजेवर आला की त्याला एकट्याला मावशीकडं धाडा. तुमी येऊ नका.

हौसा