उत्कर्षाचा हात हलत नव्हता

दुधनी, ६ फेब्रुवारी २०२४

चि. विरुपाक्ष यास अक्काचे आशीर्वाद.

माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आपल्या आप्पांचा रोलचा कॅमेरा तू विकलास, तोही 'एकदम चालू' अशी जाहिरात टाकून. तुझ्याच हातून तो जिन्यावरून पडला होता. तेव्हापासून फोकस करताना काचेत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकावर एक बरोबर जुळवल्या, तरी फोटो धूसरच येतो. तुला हे चांगलं ठाऊक हाय की!

घेणारी माढ्याची उत्कर्षा, शाळेत शिक्षिका. कॅमेऱ्याच्या पिशवीत आप्पांनी लिहिलेला घरचा नंबर बघून तिनं मला फोन केला. अंथरुणाला खिळलेल्या आजीचे दोन रोल काढले म्हणे, चेहरा एकातही ओळखू येत नाही. तिनं पैसे परत मागितले नाहीत. माझाच हात हलतो का, असं विचारत होती बिचारी. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. तिला खरं काय ते कळव.

लोभ वाढावा असं काहीतरी कर.

अक्का

सोलापूर, १३ फेब्रुवारी २०२४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पोस्टानं रागावणारी तू एकटीच उरलीस. जुनी वस्तू बघून घ्यायची असते. मी तिला चहा पाजून अर्धा तास कॅमेरा हाताळू दिला. इतकी वर्षं तो कपाटात धूळ खात होता, तेव्हा तुला आप्पांचा पुळका नव्हता. मास्तरीणबाईंना फोटो जमत नाहीत, त्याला मी काय करू? तिचा नंबर ब्लॉक केलाय.

लोभ असू दे, उपदेश आवर.

विरुपाक्ष

दुधनी, २२ फेब्रुवारी २०२४

विरुपाक्ष,

तू कळवणार नाहीस हे समजलं, म्हणून काल मीच माढ्याला गेले. दारात चपलांचा ढीग होता. आजी चार दिवसांपूर्वी गेली. भिंतीवर लावायला घरात तिचा धड एक फोटो नाही. मतदान ओळखपत्रावरचा मोठा करून आणलाय.

उत्कर्षाला बाजूला घेऊन सांगितलं की कॅमेराच बिघडलेला होता, आणि विकणाऱ्याला ते माहीत होतं. ती लई रडली. मग माझा हात हलत नव्हता ना, असं तिनं दोनदा विचारलं. नव्हता, म्हटलं.

पैसे पुढे केले, तिनं घेतले नाहीत. निघताना तिनं विचारलं, विकणारे तुमचे कोण.

मी म्हटलं, ओळखीचे.

चन्नम्मा