कपाटाची दुसरी किल्ली

मी, प्रेमराज याकोब शिरसाठ, वय एक्याऐंशी, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवील असे मला वाटत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याचा प्रयत्न झाला. करणाऱ्यांची नावे पुढे येतील.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या नावाचे दुसरे निघाले तर ते खोटे समजावे.

१. माझी पत्नी पुष्पाबाई वारली. आम्हांला मूलबाळ नाही. जवळचे नाते म्हणजे बहिणीचा मुलगा विक्रम जॉन पगारे, राहणार पाचोरा, आणि त्याची पत्नी मयुरी. पूर्वी विक्रम नाताळात यायचा. माझे खुब्याचे हाड मोडल्यापासून तो दर महिन्याला येतो. येताना केळीचे वेफर्स आणतो. डॉक्टरांनी मला तळलेले मना केले आहे, हे त्याला माहीत आहे.

२. बँकेतील रक्कम मंडळीच्या महिला समाजाला द्यावी. आजाऱ्यांना भेटायला जाण्याचा रिक्षाखर्च त्यातून भागवावा. आकडा येथे लिहीत नाही. वाचणारा आधी तोच शोधील.

३. पुस्तके आमच्या जुन्या शाळेला. पेटी संडे स्कूलला. भजनमंडळातल्या तरुणांना ती देऊ नये. त्यांनी कीबोर्ड आणला तेव्हा तिला अडगळ म्हणाले होते. मी दाराआड उभा होतो.

४. दर बुधवारी माझ्या पुढच्या खोलीत प्रार्थनासभा भरते. पुष्पाबाई होती तेव्हा चार घरची माणसे यायची. मी अंथरुणाला खिळलो आणि सतरंजी अपुरी पडू लागली. आमचे सध्याचे पाळक, नाव नवीन, याला पवित्र आत्म्याचे कार्य म्हणतात. मला तसे वाटत नाही. प्रार्थना चालू असताना एक गृहस्थ छताकडे आणि मग खिडकीच्या चौकटीकडे पाहत होते. मीही प्रार्थनेत डोळे मिटत नाही, म्हणून मला हे माहीत आहे.

५. आता मुख्य गोष्ट. हे मृत्युपत्र घरासाठी नाही, एका किल्लीसाठी आहे.

आमच्या देवळात वेदीच्या मागच्या खोलीत प्रभुभोजनाच्या भांड्यांचे लाकडी कपाट आहे. त्याला दोन कुलपे आहेत. एकाची किल्ली माझ्याकडे, दुसऱ्याची रुपचंद लाजरस बैसाणे याच्याकडे. तो कोर्टात कारकून होता. दोघे हजर असल्याशिवाय कपाट उघडत नाही, आणि कपाट उघडल्याशिवाय पहिल्या रविवारी मंडळीला प्रभुभोजन मिळत नाही.

पूर्वी एकच कुलूप होते आणि किल्ली खिळ्याला टांगलेली असे. एका ईस्टरच्या सकाळी मिशनच्या काळातला चांदीचा प्याला जागेवर नव्हता. आदल्या संध्याकाळी त्या खोलीत दोनच माणसे गेली होती, मी आणि रुपचंद. प्याला पुन्हा दिसला नाही. तेव्हाच्या पाळकांनी कोणालाच काही विचारले नाही. त्यांनी दुसरे कुलूप बसवले, आम्हां दोघांच्या हातात एकेक किल्ली दिली, आणि त्याच उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. त्यांच्यावरही माझा संशय आहे.

प्याला रुपचंदने घेतला असे मला वाटते. मी घेतला असे त्याला वाटते. तेव्हापासून आम्ही एकमेकांच्या घरी जेवलेलो नाही. पण पहिला रविवार आमच्यापैकी कोणीही चुकवलेला नाही. एक गैरहजर राहिला असता तर तो का आला नाही, हे दुसऱ्याने मंडळीला सांगितले असते.

द्राक्षरस रुपचंदच्या घरी मनुका उकळून होतो. आम्ही मेथडिस्ट, दारू वेदीवर चालत नाही. रस आंबलेला नाही हे पाहण्यासाठी पहिला घोट मी घेतो. तो माझ्या तोंडाकडे पाहत उभा राहतो. भांडी मी पुसतो, ती तो पुन्हा पुसतो. आता कपाटात काचेच्या वाट्या, एक ट्रे आणि पांढरे कापड आहे. चोरण्यासारखे काही नाही. कुलपे मात्र अजून दोन आहेत.

हाड मोडले तेव्हा मी दवाखान्यात होतो. पहिल्या रविवारी सकाळी रुपचंद पलंगापाशी येऊन उभा राहिला.

"किल्ली दे."

"देणार नाही."

रागात असला की तो अहिराणीवर येतो. "माले माहीत व्हतं. रिक्षा खाले उभी शे. चाल."

नर्स ओरडली. त्याने तिला सांगितले, "बाई, हाऊ मानूस मराले तयार शे, पन किल्ली देवाले नही." त्याने आणि रिक्षावाल्याने मला उचलून नेले. पांझरेच्या पुलावरचे खड्डे मला अजून आठवतात. मी खुर्चीत बसून कुलूप उघडले, उपासना झाली, त्याने मला परत आणून पलंगावर ठेवले.  जाताना तो म्हणाला, "पुढल्या महिन्याले बी येसू. बरा हुई जाय नाहीतर रिक्षानं भाडं तूच दे."

६. पाळक नवीन यांनी ही किल्ली माझ्याकडे तीनदा मागितली आहे. एकदा घरी प्रभुभोजन द्यायला आले तेव्हा, पाव माझ्या हातावर ठेवल्यानंतर. त्यांना लोखंडी कपाट हवे आहे, कुलूप एक, किल्ली पार्सनेजमध्ये, म्हणजे पाळकाच्या राहत्या घरात.

"नाना, मंडळीत एकमेकांवर विश्वास हवा."

"मग कुलूप कशाला?"

ते हसले. मी हसलो नाही. पाळक बदलीचा माणूस आहे. तो किल्ली घेऊन जातो किंवा टाकून जातो.

७. साक्षीदारांविषयी. कायद्याने आम्हां ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला, आणि त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला, त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. हे माहीत असल्यामुळेच मी तिघांना साक्षीसाठी विचारले.

विक्रम म्हणाला, "मामा, त्या दिवशी मला जळगावला काम आहे." मी दिवस सांगितला नव्हता.

पाळक नवीन म्हणाले की पाळकाने सही करणे बरे दिसणार नाही. घर मंडळीला मिळायचे असेल तर आपली सही आड येईल, अशी त्यांची समजूत असावी.

रुपचंदला मी माझ्या दारातच, काठीवर टेकून विचारले. आत बोलावले नाही.

"सही केलीस तर तुला काही मिळणार नाही. माहीत आहे ना?"

"मन्ही जिंदगी कोर्टमा गयी. तू माले नको शिकाडू. पेन तुन्हा का मन्हा?"

"तुझा. माझा परत मिळायचा नाही."

"आनि तू काय लिखं व्हई ते बठ्ठं माले माहीत शे," तो म्हणाला आणि जिना उतरला.

तो लगेच तयार का झाला, याचा मी बराच विचार केला. त्यात काही डाव असेल तर तो मला सापडलेला नाही.

८. घर मयुरीला, तिच्या एकटीच्या नावाने. विक्रमने सही केली असती तर तिलाही मिळाले नसते. ती मला एकदा भर बुधवारच्या सभेत म्हणाली होती, "मामा, हे वेफर्स तुमच्यासाठी नाहीत, घरासाठी आहेत. तुम्हीही ते ओळखून खाता." असे तोंडावर बोलणारे माणूस आमच्या घराण्यात दुसरे नाही. अट एकच. बुधवारची सभा पुढच्या खोलीतच व्हावी, एक माणूस आले तरी. घर आपल्याला मिळाले नाही हे कळल्यावर कोण येतो, ते तिने पाहावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

९. मला पुष्पाबाईच्या शेजारी पुरावे. गीते दोन पुरेत. माझ्याविषयी बोलायची मुभा फक्त ज्याने मला उचलले आहे त्याला आहे. तो चांगले बोलणार नाही. त्याला थांबवू नये.

१०. किल्ली. ती माझी मालमत्ता नाही, मंडळीची आहे. म्हणून साक्षीदाराचा कायदा तिला लागत नाही. ती रुपचंद लाजरस बैसाणे याला द्यावी.

ज्यांनी मागितली त्यांना ती देत नाही. रुपचंदने दवाखान्यात मागितली होती, पण रिक्षा आधीच आणली होती.

प्याल्याविषयी माझे मत बदललेले नाही. दोन्ही किल्ल्या एकाच्या हाती जातात हे मला कळते. म्हणून पहिल्या रविवारी तो कपाट उघडत असेल तेव्हा कोणीतरी मागे उभे राहून त्याच्या हातांकडे पाहावे. मयुरी देवपुरात राहायला आली तर तिने पाहावे. मागे कोणी नसेल तर त्याच्या हातून कुलूप उघडायचे नाही. कोणी पाहत असण्याची त्याला सवय आहे.

उद्या वर्षाचा पहिला रविवार, कराराची उपासना, देवाशी केलेला करार मंडळी पुन्हा म्हणते ती. मी जाणार आहे. रिक्षा सांगितलेली नाही. ती येईल.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. साक्षीदारांसमोर सही करताना मजकूर घडी घालून झाकत आहे.

ठिकाण: देवपूर, धुळे
दिनांक: ३ जानेवारी २०२६, शनिवार

(सही) प्रेमराज याकोब शिरसाठ

साक्षीदार:

१. (सही) इंदिराबाई भावसार, शेजारीण. प्रेमराजनानांनी माझ्यासमोर सही केली. त्यांच्याकडून मला काही नको. माझी स्टीलची वाटी तेवढी त्यांच्याकडे आहे.

२. (सही) रुपचंद लाजरस बैसाणे, निवृत्त कारकून. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. मजकूर मला दाखवला नाही. दाखवला असता तरी मी विश्वास ठेवला नसता. सही करताना घडी उघडत होती, म्हणून कागद मी धरला.