भुवयांपर्यंत आलेली पणती

माद्रिद, सप्टेंबर १९९८

प्रिय एलादिओ,

डोळ्यांचं ऑपरेशन उद्या. डॉक्टरचा हात थरथरत नाही, मी मुद्दाम पाहिलं. कोंबड्या तुमचं ऐकतात का?

काल ब्युनोस आयर्सहून आपल्या पणतीचा फोटो इंटरनेटवर आला. तो वरून हळूहळू उतरतो, आणि मिनिटागणिक फोनचं बिल चढतं. भुवया दिसल्या आणि लाइन तुटली. पुन्हा लावली, पुन्हा भुवयाच! जावई ओरडला, "एकाच कपाळाचे किती वेळा पैसे भरू?"

या मिनिटागणिक बिलाविरुद्ध आज देशभर संप आहे. कुणीच इंटरनेट लावायचं नाही. पत्र लिहून देणारी आपली नात नोएलिया म्हणाली, "आजी, उद्या तुझ्या डोळ्यांवर पट्टी असेल. मोडू का संप?"

"खबरदार!" म्हटलं.

भुवया तुमच्यासारख्याच जाड आहेत. पट्टीखाली त्याच बघत पडेन.

तुमचीच,
ऑब्दुलिया